सेलबर्नची बाग आणि चाळीसा

इंग्रजी ‘समर’ला मराठीत ‘उन्हाळा’ म्हणायचं, हे शब्दकोशाला मान्य आहे, पंचांगाला नाही. आपला उन्हाळा चैत्र-वैशाखाचा. मृग लागला की तो संपला. इंग्लंडमधला समर मात्र जूनमध्ये कुठे डोळे उघडतो आणि ऑगस्टपर्यंत रेंगाळतो. म्हणजे तिकडे लोक उन्हात खुर्च्या टाकून बसतात तेव्हा आपल्याकडे छपरं शाकारून झालेली असतात आणि आभाळाकडे बघणं चालू असतं. इंग्रजी कवितेचं भाषांतर करताना ही अडचण तळटीप देऊन किंवा ‘ग्रीष्म’ असा भारदस्त शब्द घालून निभावता येते. पण ज्या मजकुरात प्रत्येक ओळीच्या डोक्यावर तारीख आहे, तिथे निभावत नाही. गेली काही वर्षं मी अशाच एका मजकुराचे निवडक भाग मराठीत आणते आहे. गिल्बर्ट व्हाइट या अठराव्या शतकातल्या पाद्र्याने आपल्या घरच्या बागेविषयी रोज लिहून ठेवलेल्या या नोंदी. त्यातल्या १७८३च्या उन्हाळ्याशी पोचले आणि ‘उन्हाळा’ हा शब्द फारच जड झाला.

व्हाइटचा जन्म १७२०चा, इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशर परगण्यातल्या सेलबर्न नावाच्या खेड्यातला. ऑक्सफर्डला शिकला, धर्मोपदेशक झाला, मोठ्या जागेची फारशी हाव धरली नाही आणि जन्मगावी परतून ‘द वेक्स’ नावाच्या घरात आयुष्य काढलं. लग्न केलं नाही. १७९३च्या जूनमध्ये त्याच घरात वारला. त्याचं एकच पुस्तक जगभर गेलं: सेलबर्नचा निसर्ग आणि तिथल्या जुन्या वास्तू यांवरचं, १७८९चं. ते तेव्हापासून आजवर इंग्रजीत कायम छापलं जात आलं आहे. पुस्तक पत्रांच्या रूपात आहे. काही पत्रं टॉमस पेनंट या प्राणिशास्त्रज्ञाला लिहिलेली, काही डेन्स बॅरिंग्टन या न्यायाधीशाला. यातली बरीच खरोखर पाठवली गेली. शेवटची काही मात्र पुस्तकासाठी म्हणूनच लिहिली गेली, टपालात कधी पडलीच नाहीत. १७८३च्या उन्हाळ्याविषयीचं पत्र या दुसऱ्या जातीचं.

पुस्तकाच्या पोटात आहे ती रोजनिशी. १७५१पासून व्हाइट बागेची वही ठेवत होता. काय पेरलं, काय उगवलं, खरबुजांच्या वाफ्यांत किती गाड्या शेणखत घातलं. खरबूज आणि काकडी हा त्याचा नाद होता. थंड देशात ही फळं पिकवायची तर आंबणाऱ्या खताच्या उष्णतेवर वाफा तापवावा लागतो, वर काच धरावी लागते, रात्री चटया घालाव्या लागतात. या खटाटोपाचा हिशेब वाचताना एखाद्या कारखान्याची वही वाचतो आहोत असं वाटतं. पुढे बॅरिंग्टनने निसर्गनिरीक्षकांसाठी एक छापील नमुना तयार केला: तारीख, उष्णता, हवेचा दाब, वारा, पाऊस, मग कोणत्या झाडाला पालवी फुटली, कोणतं फूल उमललं, कोणता पक्षी किंवा किडा दिसला किंवा दिसेनासा झाला, आणि शेवटी संकीर्ण. १७६८पासून मरणाच्या काही दिवस आधीपर्यंत व्हाइट हे रकाने भरत राहिला. पंचवीस वर्षं! छापील फॉर्म भरणं म्हणजे रटाळपणाची कमाल, असं आपण समजतो. सरकारी फॉर्म भरून ज्यांची हयात गेली त्यांना तर वेगळं सांगायला नको. पण या फॉर्ममधल्या संकीर्णाच्या रकान्यात इंग्रजी गद्याचे काही उत्तम तुकडे दडलेले आहेत, असं माझं मत आहे.

आणखी एक गोष्ट. व्हाइट बाहेरगावी जाई तेव्हा नोंदी थांबत नसत. टॉमस होर नावाचा त्याचा नोकर चाळीसएक वर्षं त्याच्याकडे होता. माळीकाम, घोड्याची देखभाल, घरातलं पडेल ते. मालक नसताना हवा, पाऊस, वाफ्यांची स्थिती तो टिपून ठेवी. म्हणजे ज्या वहीला आपण व्हाइटची म्हणतो तिच्यात माळ्याचंही अक्षर आहे. व्हाइटवर भरभरून लिहिणारे याचा उल्लेख एका वाक्यात करतात आणि पुढे जातात. मला तिथून पुढे जाववत नाही.

बागेतलं सगळ्यांत प्रसिद्ध रहिवासी म्हणजे टिमथी नावाचं कासव. ते मूळचं व्हाइटच्या आत्याचं, ससेक्स परगण्यातलं. १७८०मध्ये आत्या वारल्यावर व्हाइटने त्याला थंडीच्या झोपेतून उकरून काढलं आणि घोडागाडीतून ऐंशी मैलांवर आपल्या घरी आणलं. भरलेली बैलगाडी अंगावरून गेली तरी दाद देणार नाही अशी पाठ असलेला हा प्राणी पावसाचे दोन थेंब पडले की घाईघाईने पानाखाली शिरतो, याचं व्हाइटला अपार कौतुक. टिमथी मालकानंतर सुमारे वर्षभर जगला. त्याची पाठ लंडनच्या निसर्गइतिहास संग्रहालयात आहे आणि ती तपासल्यावर कळलं की टिमथी ही मादी होती. मराठीत कासव नपुंसकलिंगी असल्यामुळे भाषांतरकाराची इथे आयती सुटका होते. दर वेळी एवढं नशीब नसतं.

१७८३चा जून उजाडला तो गरम. इंग्लंडच्या मध्यभागाची तापमानाची जी जुनी मालिका जुळवलेली आहे ती १६५९पासून सुरू होते. तिच्यात १७८३चा जुलै हा पुढची दोनशे वर्षं, थेट १९८३पर्यंत, सर्वांत उष्ण जुलै राहिला. व्हाइटच्या बागेत पहिली खूण दिसली ती हनीसकलच्या वेलीवर. आठवड्यापूर्वी जी वेल डोळ्यांना आणि नाकाला सुख देत होती ती चिकट, काळी, किळसवाणी झाली. पानापानावर गोड चिकट थर आणि त्यात काळे किडे. इंग्रजीत या थराला ‘हनीड्यू’ म्हणतात, मधाचं दव. शब्दशः घेतलं तर मराठीत फारच काव्यमय होईल आणि शेतकऱ्याला काही कळणार नाही. आपल्याकडे ज्वारीवर मावा पडला की पानं चिकट होतात, त्याला ‘चिकटा’ म्हणतात. तोच शब्द मी घेतला. दिल्लीत माझ्या तळमजल्याच्या घरापुढे जी हातभर माती आहे तिच्यातल्या कण्हेरीवर उन्हाळ्यात पिवळा मावा येतो आणि त्याच्या मागोमाग मुंग्यांची रांग. शेजारच्या आंब्याखाली मोहोराच्या दिवसांत गाडी उभी केली तर काचेवर चिकट ठिपके पडतात, ते तुडतुड्यांचे. वस्तू तीच आहे. व्हाइटला मात्र वाटलं की दिवसा फुलांचा अर्क उन्हाने वर ओढला जातो आणि रात्री दवाबरोबर खाली पडतो. किडे त्या गोडीला भुलून येतात. खरं उलटं आहे. किडे रस पितात आणि चिकटा तेच टाकतात. कारण चुकलं, पण नोंद पक्की आहे: कोणत्या वर्षी, कोणत्या वेलीवर, किती.

त्याच उन्हाळ्यात गांधीलमाश्यांनी फळांवर धाड घातली. व्हाइटने गावातली पोरं पोळी काढायच्या कामाला लावली आणि काठ्यांच्या टोकांना चिकट डिंक लावून हजारो माश्या पकडवल्या. बागेचा इतिहास लिहिताना अशी बिननावाची पोरं सारखी पायात येतात.

मग २३ जूनपासून ते सुरू झालं. व्हाइटने तारखा दिल्या आहेत: २३ जून ते २० जुलै. या चार आठवड्यांत हवेत एक विलक्षण झाकोळ राहिला. वारा चारी दिशांनी फिरला तरी तो हलेना. भरदुपारी सूर्य ढगाआडच्या चंद्रासारखा फिका दिसे आणि त्याचा उजेड जमिनीवर, घरातल्या फरशीवर गंजाच्या रंगाचा पडे. उगवताना आणि मावळताना सूर्य रक्तासारखा लाल. उकाडा असा की आज कापलेलं मांस उद्या खाववेना. माश्या इतक्या की घोडे पिसाळल्यासारखे झाले. खेडूत लोक सूर्याकडे भयाने पाहू लागले. व्हाइट त्यांच्या अंधश्रद्धेचा उल्लेख करतो, पण लगेच पुढे म्हणतो की जाणत्या माणसालाही धास्ती वाटावी अशीच ही स्थिती होती. कारण त्याच वर्षी इटलीत कॅलाब्रिया आणि सिसिलीत भयंकर भूकंप झाले होते आणि नॉर्वेच्या किनाऱ्यालगत समुद्रातून ज्वालामुखी उसळल्याची बातमी होती.

या हवेला मराठीत काय म्हणायचं? धुकं म्हटलं की गारवा येतो, पहाट येते, माथेरान येतं. धुरकं म्हटलं की आजच्या दिल्लीतला नोव्हेंबर येतो. मळभ म्हटलं की आता पाऊस येणार अशी आशा येते. जूनमध्ये राजस्थानकडून आंधी येते तेव्हा दिल्लीत सूर्य असाच पांढुरका होतो, पण ती धूळ असते आणि तासाभरात खाली बसते. शेवटी मी ‘झाकोळ’ घेतला. त्यात उजेड कमी होणं आहे आणि मन कमी होणंही आहे.

झाकोळाचं कारण व्हाइटच्या ऐकीव बातमीच्या अगदी जवळ होतं. त्या वसंतात आइसलँडच्या नैऋत्येला समुद्रातून एक बेट खरोखरच वर आलं होतं आणि थोड्याच काळात पुन्हा बुडालं. पण खरी आग पेटली ती ८ जून १७८३ला, आइसलँडच्या दक्षिण भागात लाकी नावाच्या डोंगराजवळ. आपल्या डोळ्यांसमोर ज्वालामुखी म्हणजे शंकूसारखा पर्वत येतो. इथे जमिनीलाच सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग पडली आणि तिच्यातून शंभरावर मुखं उघडली. लाव्हा आठ महिने वाहत राहिला. त्याहून घातक ठरले वायू. सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड हवेत गेला. आइसलँडच्या गवतावर फ्लोरिनचं विष बसलं. मेंढ्यांतल्या बहुतेक सगळ्या आणि गाईगुरांतली अर्धी मेली, आणि त्यांच्या मागोमाग माणसं. बेटाच्या लोकसंख्येतला साधारण पाचवा हिस्सा. योन स्टाइनग्रिम्सन नावाचा तिथला एक पाद्री हे सगळं लिहून ठेवत होता. लाव्हा गावाच्या दिशेने सरकत असताना, २० जुलैच्या रविवारी, त्याने चर्चमध्ये लोकांना जमवून प्रार्थना घेतली. लाव्हा चर्चपाशी पोचलाच नाही, आणि आजही आइसलँडमध्ये तो दिवस ‘अग्निप्रार्थना’ म्हणून ओळखला जातो. व्हाइटच्या झाकोळाची शेवटची तारीख तीच, २० जुलै. निव्वळ योगायोग आहे हा. दोन पाद्री, दोन वह्या, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही.

युरोपात सगळीकडे हे दिसलं. इंग्लंडमध्येच ओल्नी गावी विल्यम कूपर हा कवी आपल्या पत्रांतून याच धुराविषयी लिहीत होता. पॅरिसजवळ राहणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिनने १७८४मध्ये एक टिपण लिहून तर्क मांडला की हा धूर आइसलँडकडच्या ज्वालामुखीचा असावा आणि त्यानंतरचा कडक हिवाळाही त्यामुळेच पडला असावा. अलीकडे इतिहासकारांनी इंग्लंडमधल्या चर्चच्या दफननोंदी तपासल्या, तेव्हा त्या उन्हाळ्याच्या शेवटी आणि पुढच्या हिवाळ्यात नेहमीपेक्षा सुमारे २० हजार माणसं जास्त मेल्याचं दिसलं. मरणाऱ्यांत शेतमजूर पुष्कळ. खेडुतांचं भय अंधश्रद्धा होतं की अंदाज, हे आता ज्याचं त्याने ठरवावं.

आता आपल्या पंचांगाकडे येते. २३ जून १७८३ म्हणजे ज्येष्ठ वद्य पक्ष. अमावास्या २९ जूनच्या सुमाराला, मग आषाढ. २० जुलैला आषाढाचा वद्य पक्ष चालू. सेलबर्नच्या बागेतला झाकोळ म्हणजे ज्येष्ठाचा उतार आणि निम्म्याहून अधिक आषाढ. हा कालिदासाच्या यक्षाचा महिना, वारीचा महिना, उत्तर हिंदुस्थानात खरिपाच्या पेरणीचा महिना. आणि त्या वर्षी उत्तर हिंदुस्थानात पाऊस आला नाही. काही प्रांतांत आधीचं वर्षही धड नव्हतं. पंजाब, राजपुताना, दिल्ली, अवध, गंगा-यमुनेचा दुआब, सगळीकडे १७८३-८४मध्ये भीषण दुष्काळ पडला. विक्रम संवत १८४० चालू होता, म्हणून त्याला ‘चालीसा’ म्हणतात, मराठीत ‘चाळीसा’. मेलेल्यांची मोजदाद करणारं कोणी नव्हतं. पुढे केलेले अंदाज दक्षिणेतला त्याच काळातला दुष्काळ धरून एक कोटीच्या घरात जातात. गावंच्या गावं ओस पडली. लखनौचा बडा इमामबाडा ज्या हजारो हातांनी उभा केला ते याच दुष्काळाचे: नवाब आसफुद्दौलाने १७८४मध्ये काढलेलं ते दुष्काळी काम. मराठ्यांच्या इतिहासात हे वर्ष आपण वेगळ्या कारणाने लक्षात ठेवतो. १७८४च्या अखेरीस महादजी शिंद्यांनी पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलकीची वस्त्रं घेतली आणि दिल्लीची सूत्रं हातात घेतली. शाळेत हे शिकताना मला कोणी सांगितलं नव्हतं की ती सूत्रं एका उपाशी मुलखाची होती.

लाकी आणि चाळीसा यांचा संबंध जोडला गेला तो फार उशिरा. २००६मध्ये ल्यूक ओमन, अ‍ॅलन रोबॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर १७८३चं वातावरण पुन्हा मांडून पाहिलं. मान्सूनचं इंजिन म्हणजे तापलेली जमीन. उन्हाळ्यात आशिया-आफ्रिकेची जमीन समुद्राहून फार तापते आणि समुद्रावरची ओली हवा आत ओढून घेते. उत्तर गोलार्धाच्या माथ्यावर गंधकाचा पडदा पसरला की ऊन अडतं, जमीन हवी तितकी तापत नाही आणि ओढ सैल पडते. या गणितात आफ्रिकेचा आणि हिंदुस्थानचा मान्सून दोन्ही अशक्त निघाले. त्या वर्षी नाईलला पुरेसा पूर आला नाही, हे तर प्रत्यक्ष नोंदलेलं आहे. फ्रेंच प्रवासी व्होल्नी त्या सुमाराला इजिप्तमध्ये होता आणि तिथली उपासमार त्याने पाहिली. मग इंग्लंडमध्ये जुलै इतका उष्ण कसा, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला आहे. गोलार्धाची सरासरी आणि एका बागेतला थर्मामीटर एकाच दिशेने जातील असं नसतं. चाळीशाला एल निनोचाही हातभार असावा असं मानणारे अभ्यासक आहेत, आणि दुष्काळाचा उपाशी अंत व्हायला लढाया, सारा आणि धान्याचे व्यापारी लागतातच. नुसत्या ज्वालामुखीने माणूस उपाशी मरत नाही. तेव्हा लाकीने चाळीसा आणला असं मी लिहिणार नाही. सेलबर्नच्या फरशीवरचा गंजका उजेड आणि दुआबातलं कोरडं आषाढ एकाच आभाळाखालचं होतं, इथपर्यंत लिहीन.

तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्हाला बारमासा शिकवायचे. हिंदीत, बंगालीत, राजस्थानीत, पंजाबीत महिन्यामागून महिना घेऊन विरह सांगणारी गाणी. आषाढात ढग यायचे, श्रावणात झोपाळे बांधायचे, हे ठरलेलं. शेतकऱ्याच्या तोंडी असलेली वचनंही तशीच: मराठीत सहदेव-भाडळी, हिंदीत घाघ आणि भड्डरी, बंगालीत खना, आसामीत डाक. कावळ्याने घरटं झाडाच्या कोणत्या फांदीवर बांधलं, मुंग्यांनी अंडी कधी हलवली, कोणत्या नक्षत्रात पडलेला पाऊस कशाला चांगला. घराभोवतीच्या झाडा-किड्यांचं हे निरीक्षण व्हाइटच्या निरीक्षणाहून कमी बारीक नाही; पिढ्यांचं असल्यामुळे काही ठिकाणी अधिकच बारीक आहे. पण ही वचनं दर वर्षीचं सांगतात, अमुक वर्षीचं सांगत नाहीत. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ मी कितीतरी वेळा वाचलं. मराठीत डोळे उघडे ठेवून झाडाकडे पाहायला शिकवणारं तसं दुसरं पुस्तक नाही. त्यातही महिना आहे, वर्ष नाही; चैत्र हा सगळ्या चैत्रांचा मिळून एक आहे. बॅरिंग्टनच्या फॉर्मची गंमत अशी की त्यात आधी वर्ष लिहावं लागतं. आषाढात पाऊस येतो, हे बारमासा सांगेल. त्या आषाढात तो आला नाही, हे सांगायला तारीख लागते.

यावरून ‘आपल्याला इतिहासाची जाणीव नव्हती’ हे जुनं पालुपद आळवायला कोणी सरसावेल, म्हणून थांबवते. आनंद रंग पिळ्ळे पाँडिचेरीत बसून १७३६पासून १७६१पर्यंत तमिळमध्ये रोजनिशी लिहीत होता, आणि ती व्हाइटच्या बागेच्या वहीहून आधी सुरू झाली. मराठी दप्तरांत तारीखवार पत्रांचे ढीग आहेत. फरक इतकाच की तारीख दरबाराला, लढाईला, हुंडीला मिळाली; परसातल्या वेलीला मिळाली नाही. वेलीवर रोज नजर होती ती बहुधा बाईची किंवा माळ्याची, आणि त्या दोघांच्या हातात लेखणी नव्हती. सेलबर्नमध्ये टॉमस होरच्या हातात ती अधूनमधून आली, म्हणून मी मघाशी त्याच्यापाशी अडले.

तरी तारीख अगदीच हुकली असंही नाही. चाळीसा हा शब्दच पाहा. मेले त्यांची नावं नाहीत, गावांची यादी नाही, पण वर्ष तेवढं लोकांनी शब्दात खिळून ठेवलं. राजस्थानात संवत १९५६चा दुष्काळ अजून ‘छप्पनिया’ म्हणूनच ओळखला जातो. माझी आजी ‘बहात्तरचं साल’ म्हणायची तेव्हा पुढे दुष्काळ हा शब्द जोडायची तिला गरज पडत नसे. आइसलँडच्या लोकांनीही आपल्या दुष्काळाला नाव दिलं, ‘मोदुहार्दिंदिन’, म्हणजे झाकोळाचे हाल. त्यांनी कारणाचं नाव दिलं, कारण कारण त्यांच्या डोळ्यांसमोर धुमसत होतं. दुआबातल्या माणसाला कारण दिसायचा प्रश्नच नव्हता. त्याने वर्षाचा आकडा धरून ठेवला आणि तो आकडाच सव्वादोनशे वर्षांनी हवामानशास्त्रज्ञांच्या उपयोगी पडला.

हल्ली भारतात ‘सीझनवॉच’ नावाचा उपक्रम चालतो. शाळेतली मुलं आणि हौशी माणसं एखादं झाड निवडतात आणि दर आठवड्याला त्याची पालवी, फुलं, फळं नोंदवतात. केरळात विषूच्या सणाला, म्हणजे एप्रिलच्या मध्याला, बहाव्याची फुलं लागतात. अलीकडे बहावा त्याच्या कितीतरी आधीच फुलून जातो, अशा नोंदी त्यात जमल्या आहेत. सणाचं गाणं बदललेलं नाही. नोंद बदलली आहे. माझ्या कण्हेरीचा मावा मी वहीत लिहू लागले ते भाषांतराच्या नादाने, शास्त्रासाठी नव्हे. पहिल्या पानावर वर्ष घातलं, आणि खाली सहीच्या जागी दोन नावं: माझं, आणि आठवड्यातून दोनदा येणाऱ्या माळीबुवांचं. मी गावी गेले की पाणी किती घातलं आणि काय फुललं ते तेच फोनवर सांगतात आणि परत आल्यावर मी उतरवून घेते. त्यांचा जिल्हा एटा, म्हणजे दुआबच. चाळीसा हा शब्द त्यांनी ऐकलेला नव्हता. घाघाची वचनं मात्र त्यांना मला उतरवून घेता येतील त्याहून जास्त पाठ आहेत.

भाषांतरात ‘समर’चं काय केलं, ते सांगायचं राहिलं. ‘उन्हाळा’ ठेवला. व्हाइटच्या बागेत तो उन्हाळाच होता, आणि त्याला पावसाळा म्हणणं हा दुसऱ्या टोकाचा खोटेपणा झाला असता. पण १७८३च्या पानांवर इंग्रजी तारखेच्या शेजारी, समासात, बारीक अक्षरांत आपला महिनाही घातला आहे. २३ जून, ज्येष्ठ वद्य. हनीसकल, चिकटा, झाकोळ, फिका सूर्य. मग ३० जूनच्या सुमाराला आषाढ शुद्ध. कच्चा मसुदा वाचणाऱ्या एका संपादकांनी समासात लिहून पाठवलं की इंग्रज पाद्र्याच्या बागेत आषाढ कशाला? मी तो काढलेला नाही.